तोंडाला नाही, इंजिनला!

मंडळी, सायबर कॅफेतून लिहितेय. हाताचं ग्रीस निघालेलं नाही, म्हणून कॅफेवाल्यानं की-बोर्डवर प्लास्टिक अंथरलंय. अंथरू दे.

आमची गाडी सुरू केली की सगळी थरथरायची. इंजिन ज्या रबरी बुशांवर बसतं, ते झिजले होते. आपल्याकडचे मेकॅनिक त्यांना ‘फाउंडेशन’ म्हणतात. सकाळी जळगावात स्पेअरच्या दुकानात जाऊन म्हटलं, “भाऊ, फाउंडेशन द्या.”

तो म्हणाला, “ताई, ते शेजारी, लेडीज आयटमच्या दुकानात.”

“तोंडाला नाही, इंजिनला लावायचंय!”

घरी येऊन जॅकवर लाकडी फळी ठेवली आणि इंजिन उचललं. शेजारचे नाना ओट्यावरून म्हणाले, “बाई, हाई तुनं काम नही शे.” मी पाना फिरवत राहिले. जुने बुश वाळक्या भाकरीसारखे तडकले होते. नवे बसवले, नट आवळले, बॉनेटवर पाण्यानं भरलेला पेला ठेवला आणि गाडी सुरू केली. थेंब सांडला नाही.

नाना पेल्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “मनी गाडीबी थरथरस. करी देशी का?”

“देते की. पण फाउंडेशन तुम्ही आणा.”

नाना त्याच दुकानात गेले, तोच शब्द बोलले आणि बुश घेऊन आले. त्यांना कुणी शेजारचं दुकान दाखवलं नाही.

तुम्हाला कधी दाखवलंय? मग काय केलंत?

माझं ठरलंय. उद्या गिअरबॉक्सखालचा बुश आणायला त्याच दुकानात जाणार. हात न धुता.