साडी माझी, बाई पेणची

आमचं गाव रोह्याजवळ. गावचं नाट्यमंडळ माझ्या सासऱ्यांच्याही आधीचं. देवळाच्या उत्सवात दरवर्षी नाटक होतंच. सासरे स्त्रीपार्ट करायचे तेव्हा सासूबाईंचंच लुगडं नेसायचे. पुढे आमचे हे नायक झाले, तोवर पेणहून बाई ठरवून आणायची पद्धत पडली होती. तिची साडी मात्र नायकाच्या घरून द्यायची, ही रीत तशीच राहिली.

मीही पेणचीच. पण गावात कोणी "पेणच्या बाईला तोड नाय" म्हणालं, की ते माझ्याबद्दल नसायचं. माझी लग्नातली हिरवी साडी नेसून ती उभी राहायची आणि हे तिला म्हणायचे, "तू नसलीस तर या घराला दार तरी कशाला?" बायका पदराने डोळे पुसायच्या. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घरी यांच्या तोंडी काय, तर "मीठ कमी हाय" नाहीतर "कंपनीत शिफ्ट बदलली". वाक्यं पाठ करून घ्यायला मात्र मी लागायचे. मी वाल सोलत बसायचे आणि हे भिंतीकडे बघून बोलायचे. एका वर्षी मी मुद्दाम विटकी साडी दिली. मेलीच्या अंगावर तीही खुलली.

सासूबाईंपुढे एकदा रडले तर त्या हसल्या. "माझी सवत तर माझ्या नवऱ्याच्याच अंगात व्हती गो. तुझी निदान सकाळच्या एसटीनं जाते."

यंदा दाराच्या त्या वाक्याचं नाटक पुन्हा बसवलं. यांचे गुडघे गेलेले, म्हणून नायकाचं काम शेजारच्या वरसे गावातल्या एका पोराला दिलं. हे दोन दिवस जेवले नाहीत. मी मात्र गुपचूप देवाला नारळ फोडला.

प्रयोगाला हे पहिल्यांदाच माझ्या शेजारी, प्रेक्षकांत बसले. ते वाक्य जवळ आलं तसा यांनी माझा हात धरला, घट्ट. चारचौघांत कधी धरला नव्हता. यांचे ओठ हलत होते. तू नसलीस तर या घराला दार तरी कशाला. मी वळून बघितलं, तर यांची नजर रंगमंचावर.

"घाई केली पोरानं," हे पुटपुटले. "आधी तिच्याकडे जरा बघायचं, मंग बोलायचं."

मग हात काढून घ्यायला लागले. मी काही तो सोडला नाही.