प्लायवूडच्या दुकानावरचा बँड

बँडमध्ये वाजवणाऱ्या माणसाकडे गाणी थोडी आणि किस्से ढीगभर असतात. साधं गणित आहे. एक गाणं बसवायला आम्हाला तीन महिने लागतात. किस्सा मात्र साउंडचेक चालू असतानाच तयार होतो, तोही एका टेकमध्ये! मित्रमंडळी जमली की "नवीन गाणं ऐकव" असं कुणी म्हणत नाही. "मेघा, तो लॅपटॉपवाला किस्सा सांग" असंच म्हणतात. म्हटलं, एकदाचे लिहूनच काढावेत.

आधी मंडळी सांगते. मी मेघा, मूळची साताऱ्याची. बंगळुरात मारतहळ्ळीला राहते, आठवडाभर सॉफ्टवेअर टेस्ट करते आणि रविवारी बेस गिटार वाजवते. समीर नागपूरचा, तो गाणी लिहितो, गातो आणि गिटार वाजवतो. प्रशांत इथलाच, कन्नड घरातला, ड्रम्सवर. आमच्यात राहून त्याचं मराठी एवढं सुधारलंय, की शिव्या आता तो आमच्यापेक्षा शुद्ध देतो. बँडचं नाव 'पार्किंग फुल'.

आणि चौथे नंदूअण्णा. यांचं घराणं कित्येक पिढ्या बंगळुरात. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि राग आला की दोन्ही एकदम. महादेवपुऱ्यात त्यांचं प्लायवूडचं दुकान आहे. रविवारी दुकान बंद असतं, आणि वरच्या रिकाम्या मजल्यावर संध्याकाळी पाचला लाइव्ह म्युझिक! नियम एकच. स्वतःची गाणी वाजवायची, दुसऱ्याचं एकही नाही. शहरात बाकी कुठेही वाजवायला गेलं की लोकांना पाठ असलेलीच गाणी वाजवावी लागतात. अण्णांना ते मुळीच पटत नाही. "ऐकलेलंच ऐकायला माणूस घराबाहेर कशाला पडतो?" असं ते विचारतात.

पण गेल्या वर्षी आमच्या डोक्यावर टांगती तलवार होती. लग्नांत वाजवणाऱ्या एका मोठ्या बँडने समीरला बोलावलं होतं. दर शनिवार-रविवार, सगळी फिल्मी गाणी. समीरने त्यांच्याकडे वर्षअखेरपर्यंत मुदत मागितली आणि आम्हाला सांगितलं, "या वर्षात एका तरी अनोळखी माणसाला आपलं एखादं गाणं माहीत असलं पाहिजे. मित्र नको, ऑफिसवाले नको, नातेवाईक नको. नाहीतर मी लिहिणं बंद करणार आणि तिकडे जाणार."

समीर गेला की बँड खलास, कारण मी आणि प्रशांत गायलो तर मजला आपोआप रिकामा होतो. त्यामुळे वर्षभर कुणी नवीन चेहरा दिसला, की आम्ही तिघं त्याच्याकडे आशाळभूतासारखे बघत बसायचो.

*

अण्णा गाणं प्लायवूडसारखं तपासतात. संगीतातलं आपल्याला काही कळत नाही, हे ते स्वतःच सांगतात. पण चाळीस वर्षं लाकूड बघितलंय!

एकदा एक गिटारवाला ट्रायल द्यायला आला. पायाशी दहा-बारा पेडल्स, वायरींचं जंजाळ, आणि आवाज असा की अंतराळयान उडतंय! वाजवून झाल्यावर त्याने अण्णांकडे मोठ्या अपेक्षेने बघितलं.

अण्णा म्हणाले, "लॅमिनेट छान आहे हो. आता ते काढा आणि आतलं लाकूड दाखवा."

बिचाऱ्याने सगळ्या वायरी काढल्या आणि साध्या गिटारवर तेच गाणं म्हटलं. अण्णांनी त्याला पुढचा रविवार देऊन टाकला.

आमची ट्रायल झाली तेव्हा समीरने 'स्वल्प थांब' म्हटलं. हे गाणं त्याने ऑफिसमधून परतताना रिंग रोडवर अडकल्या अडकल्या लिहिलं होतं. 'स्वल्प' म्हणजे थोडं, इथलं कन्नड.

"स्वल्प थांब, सिग्नल सुटेल,
तुझा नि माझा रस्ता फुटेल..."

अण्णांनी डोळे मिटून ऐकलं. मग फळी वाजवून बघावी तसं टेबल बोटाने ठकठक वाजवलं आणि म्हणाले, "हे मरीन प्लाय आहे. पाण्यात टाका, काही होत नाही!"

"अण्णा," समीर म्हणाला, "पाण्यात टाकायला तरी कुणीतरी घेतलं पाहिजे ना!"

*

आमचा पहिला शो. खुर्च्या चाळीस, माणसं अकरा, आणि त्या अकरांतली सात अण्णांच्या घरची! पहिल्या रांगेत अण्णांची थोरली बहीण, सगळ्यांची अक्का, मांडीवर पर्स ठेवून ताठ बसलेली.

आम्ही जीव तोडून वाजवलं. आठ गाणी, तास-सव्वा तास. प्रशांतची एक काठी मोडली, माझ्या बोटाला फोड आला. शेवटचं गाणं संपल्यावर समीर घाम पुसत माइकवर "थँक यू" म्हणाला.

अक्का उठल्या, मायेने जवळ आल्या आणि म्हणाल्या, "आवाज बघून झाला नव्हे सगळा? सरी, ठीक. आता गाणं म्हणा की!"

*

आता लॅपटॉपवाला किस्सा.

प्रशांतच्या कंपनीत पाळी असते. तुमच्या पाळीच्या आठवड्यात सर्व्हर पडला, की जिथे असाल तिथे लॅपटॉप उघडायचा. स्वतःच्या लग्नात असलात तरी! त्या रविवारी नेमकी प्रशांतची पाळी होती, म्हणून तो ड्रम्सशेजारी स्टुलावर लॅपटॉप उघडा ठेवून बसला होता.

दुसऱ्या गाण्याच्या मध्यात अलार्म वाजला. टूंऽऽ टूंऽऽ! लोकांना वाटलं, गाण्यातलंच आहे. एकदोघे मान डोलवू लागले. प्रशांतने काठ्या ठेवल्या, दोन्ही हात कीबोर्डवर आणि पाय तेवढा मोठ्या ड्रमवर चालू. धप... धप... धप. समीरने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. करणार काय? मी एकच सूर धरून बसले आणि समीर डोळे मिटून उभा राहिला, जणू समाधीच लागलीय!

चार मिनिटं असं चाललं. सर्व्हर उठला, अलार्म थांबला, प्रशांतने काठ्या उचलल्या आणि धडाड्दिशी गाण्यात शिरला. अहो, लोक उभे राहिले! शिट्ट्या काय, टाळ्या काय! एक दाढीवाला तरुण नंतर येऊन म्हणाला, "तो मधला शांत भाग काय विलक्षण होता! दर शोमध्ये ठेवाच."

प्रशांत गंभीरपणे म्हणाला, "ठेवला असता. पण दर रविवारी कंपनी बंद पाडावी लागेल."

*

दुकानाच्या मागच्या इमारतीत मूर्ती अंकल राहतात. बँकेतून रिटायर झालेले, शिस्तीचे. तिसऱ्याच रविवारी ते आवाज मोजायचं ॲप उघडून, फोन पुढे धरून जिना चढून आले. "हे बघा आकडा! हे बघा!"

आम्ही घाबरलो. तक्रार झाली की मजला बंद, आणि मजला बंद झाला तर समीरचा अनोळखी माणूस भेटणार कुठे? अण्णा मात्र अजिबात डगमगले नाहीत. त्यांनी साउंडच्या टेबलामागची खुर्ची ओढली आणि म्हणाले, "सर, बसा. किती ठेवायचं ते तुम्हीच ठेवा. आम्हाला कुठे काय कळतं?"

अंकल बसले. एक बटण खाली केलं, मग जरा वर केलं, मग दुसरं. पुढच्या रविवारी पाच मिनिटं आधी हजर! महिन्याभरात त्यांनी हेडफोन विकत घेतला. आता बाहेरून आलेल्या बँडवर ते ओरडतात, "बेस ऐकू येत नाही! स्वल्प जोरात!"

हल्ली त्यांच्या पत्नी जिना चढून येतात. ॲप आता त्यांच्या फोनमध्ये आहे.

*

नोव्हेंबर उजाडला तरी आमचं गाणं ओळखणारा एकही परका जीव भेटला नव्हता. तशात हेब्बाळच्या एका कॅफेने बोलावलं. आमचीच गाणी वाजवायची परवानगी होती, पण लोक चिठ्ठ्या पाठवत होते आणि चिठ्ठीत एकजात सिनेमाची गाणी. समीर हसून चिठ्ठ्या खिशात घालत होता. मला त्याचं ते हसू बघवत नव्हतं.

मग 'स्वल्प थांब' झालं. आणि कोपऱ्यातल्या टेबलावरचे एक गृहस्थ, आयुष्यात कधी न पाहिलेले, स्वतः उठून स्टेजपाशी आले! त्यांनी घडी घातलेला कागद समीरच्या हातात दिला, कळवळून "प्लीज" म्हणाले आणि तिथेच उभे राहिले. प्रशांत ड्रम्समागे अर्धा उभा राहिला. मी तर देवाचं नाव घेतलं.

समीरने कागद उघडला आणि माइकवरच वाचला.

"तुमची ड्रम्सवाली गाडी माझ्या गाडीला आडवी लागलीय. कृपया काढा."

दहा मिनिटांचं मध्यंतर झालं. बँडचं नाव बोर्डावर वाचून कॅफेवाले त्यानंतरही बराच वेळ हसत होते.

*

आणि हा शेवटचा.

डिसेंबरचा शेवटचा रविवार. लग्नवाल्या बँडला संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं, आणि समीरचं उत्तर ठरलेलं होतं. त्याने आम्हाला आदल्या दिवशीच सांगितलं होतं. मी रडले, प्रशांत रुसला, आणि तरी तिघंही दुपारी तीनला साउंडचेकला हजर! काय करणार, वाजवायचं तर होतंच.

त्या दिवशी आमच्याआधी धारवाडच्या शिक्षकांचा बँड होता. चौघंही तिथल्या एकाच मराठी शाळेतले, पहिल्यांदाच बंगळुरात वाजवणार होते. गाणाऱ्या विद्याबाई चौथीला शिकवतात. हातात वही, खांद्याला गिटार. त्या सरळ अण्णांकडे गेल्या.

"सर, तुमचा नियम माहीत आहे. सात गाणी आमची आहेत. पण एक आमचं नाही, आणि ते म्हटल्याशिवाय आमचा कार्यक्रम होतच नाही."

"जमायचं नाही," अण्णा म्हणाले. "कुणाचं आहे?"

"तेच तर कुणाला माहीत नाही! आमच्या शाळेत सहलीच्या बसमध्ये पोरं म्हणतात. शेजारच्या शाळेतही म्हणतात. कुणीतरी कुठूनतरी आणलं. जुनं लोकगीतच असणार."

"स्वल्प म्हणून दाखवा बघू."

विद्याबाईंनी गिटार छेडली.

"स्वल्प थांब, सिग्नल सुटेल,
तुझा नि माझा रस्ता फुटेल..."

माझ्या हातातून बेसची वायर गळून पडली. प्रशांत ड्रम्समागे "अय्यो" म्हणून खालीच बसला. मी सांगायला तोंड उघडलं, तर समीरने माझ्या पायावर पाय दिला. चांगला जोरात! त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मान नकारार्थी हलत होती. सांगू नको, सांगू नको.

अण्णांनी एकदा समीरकडे बघितलं, एकदा विद्याबाईंकडे. चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

"लोकगीत असेल तर चालेल," ते म्हणाले. "लोकगीताला परवानगी आहे."

समीर पुढे झाला. "बाई, मला पण थोडं येतं हे. तुमच्याबरोबर म्हणू का?"

"या की!"

दोघं गाऊ लागले. समीरचा फोन खिशात थरथरत होता. त्याने तो न बघताच बंद केला आणि डोळे मिटून दुसऱ्या अंतऱ्यात शिरला, "आरशात दिसशील वळेपर्यंत..."

विद्याबाईंनी गिटारवर हात ठेवून गाणं थांबवलं.

"चुकलात. आरशात नाही. 'हात हलवीन मी वळेपर्यंत.' बसमधली पोरं हात हलवतात ना तिथे."

आणि खरं सांगू? त्यांची ओळ जास्त चांगली होती.

"सॉरी बाई," समीर म्हणाला.

"सॉरी नको. वही घ्या, लिहून काढा. आणि पुन्हा म्हणा बघू, पहिल्यापासून!"