सहा की बी

सुलभा दाबके लग्न होऊन साताऱ्याहून बंगळूरला आल्या तेव्हा त्यांना कन्नडचं एक अक्षर येत नव्हतं. नवरा दामोदरराव सरकारी कारखान्यात विमानांचे सुटे भाग तपासायच्या खात्यात होते. ते सकाळी कंपनीच्या बसने गेले की दिवस मोकळाच असायचा. मल्लेश्वरमच्या बाजारात भाजी घेता घेता सुलभाताई आधी 'स्वल्प कम्मी माडी' म्हणजे 'जरा कमी करा' एवढं शिकल्या, मग हळूहळू भांडण्याइतकी भाषा आली आणि नंतर एका विज्ञानसंस्थेच्या प्रकाशन विभागात मुद्रितशोधकाची नोकरीही मिळाली.

तिथे त्यांच्या जोडीला धनलक्ष्मी नावाची बाई होती. धनलक्ष्मीने मूळ इंग्रजी हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, स्वल्पविराम आणि कंसांसकट, आणि सुलभाताईंनी छापलेल्या कागदावर बोट ठेवून ते जुळवायचं. शोधनिबंधातल्या विज्ञानाचा दोघींनाही गंध नव्हता. पण दशांशचिन्ह एक घर सरकलं की सुलभाताईंचं बोट आपोआप थांबायचं. पुढे चुका धरायला संगणक आले, वाचणारीचं पद गेलं आणि यथावकाश सुलभाताईही निवृत्त झाल्या. वाचायची खोड मात्र गेली नाही. औषधाच्या पाकिटावरचा बारीक मजकूर असो की लग्नपत्रिकेचा तळ, त्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचायच्या. दामोदरराव म्हणायचे, "हिला हॉटेलात न्यायची सोय नाही. मेनू वाचून होईपर्यंत जेवणाची वेळ टळते."

घरातल्या संगणकाशी त्यांचा संबंध धूळ पुसण्यापुरता होता. तो दामोदररावांचा प्रांत. मशीन जुनं झाल्यावर क्षितिजने, त्यांच्या मुलाने, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स घालून दिलं होतं. क्षितिज बंगळूरजवळ होसकोट्याच्या एका कारखान्यात नोकरीला आणि बायको वल्लरीसह तिकडेच राहायला. निवृत्तीनंतर दामोदरराव मुलाकडे जायचे, पहाटे उठून होसकोट्याच्या तळ्यावर कॅमेरा घेऊन बसायचे आणि चिखलाने माखलेले बूट घेऊन आनंदात परत यायचे. शेकाट्या, खंड्या, चित्रबलाक, थव्याने उतरणारे पेलिकन. सगळे फोटो एका काळ्या बाहेरच्या डिस्कवर. संगणकात तेवढी जागाच नव्हती.

एका रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांच्या फोटोंचा कार्यक्रम ठेवला होता. अकरा वाजता. खालच्या मजल्यावरच्या मंजुनाथने प्रोजेक्टर आणला होता, संगणकाचा डबा खाली नेऊन त्याला जोडायचा एवढंच काम. दामोदररावांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि एकदा सगळं पाहून घ्यावं म्हणून बटण दाबलं.

नेहमीचं चित्र आलंच नाही. पडदा बराच वेळ काळा राहिला, मग पांढऱ्या अक्षरांच्या ओळी सरसर वर गेल्या आणि खाली एक वाक्य येऊन थांबलं. दामोदररावांनी एंटर दाबलं. तेच वाक्य पुन्हा आलं. त्यांनी एंटर दाबायचा सपाटाच लावला.

"एमर्जन्सी मोड म्हणतंय," ते म्हणाले. "डिस्क गेली बहुतेक."

त्यांनी डिस्क काढून मशीन बंद-चालू केलं. तेच. वायर बदलून पाहिली, मागच्या भोकात लावून पाहिली. तेच. क्षितिजला फोन लावला तर तो रविवारच्या पाळीला होता आणि आत फोन नेऊ देत नाहीत.

तेवढ्यात मंजुनाथ आपला लॅपटॉप घेऊन वर आला. "टेन्शन नको अंकल, डिस्क माझ्या लॅपटॉपला लावू," असं म्हणून त्याने ती लावलीसुद्धा. त्याच्या पडद्यावर एक चौकोन उघडला. मंजुनाथचं बोट सवयीने 'होय'कडे निघालं.

"थांब," मागून सुलभाताई म्हणाल्या. त्या चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. "ते काय विचारतंय ते वाच ना आधी."

मंजुनाथने वाचलं आणि हात मागे घेतला. डिस्क वापरण्याआधी ती फॉरमॅट करायची का, असं लॅपटॉप विचारत होता. म्हणजे होतं नव्हतं ते पुसून. दामोदररावांची डिस्क लिनक्सच्या पद्धतीने मांडलेली, ती त्याच्या विंडोजला वाचताच येत नव्हती. आपल्याला न कळलेली पाटी पुसून टाकू का, असा त्याचा प्रश्न होता.

"सरी आंटी, बरोबर आहे," मंजुनाथ हळूच म्हणाला आणि डिस्क काढून टेबलावर ठेवली. "मी खाली खुर्च्या लावतो. तुम्ही बघा."

दामोदरराव पलंगाच्या कडेला बसून राहिले. पाच वर्षांच्या पहाटा त्या काळ्या डबीत होत्या. सुलभाताईंनी चहाचा कप त्यांच्या हातात दिला, पदराने चष्मा पुसला आणि संगणकासमोरच्या खुर्चीवर बसल्या. त्या खुर्चीवर त्या पहिल्यांदाच बसत होत्या.

"डिस्क लावा परत आणि मशीन सुरू करा," त्या म्हणाल्या. "आणि एंटर दाबू नका. मला वाचायचंय."

ओळी पुन्हा वर गेल्या. मध्येच एका ओळीपाशी सेकंद मोजले जात होते. सुलभाताई खालच्या मोठ्या वाक्याकडे न बघता वरच्या ओळी एकेक करून वाचत गेल्या.

"अहो, हे मोडलेलं नाही," त्या म्हणाल्या. "हे कोणाची तरी वाट बघत होतं. बघून बघून वेळ संपली, म्हणून पुढे जायचं नाही म्हणतंय. आणि ज्याची वाट बघत होतं त्याचा हा लांबलचक नंबर दिलाय. हा नंबर कोणाचा?"

दामोदरराव कप खाली ठेवून जवळ आले. नंबर पाहिला आणि नजर चुकवली.

"काल काही केलंत का तुम्ही?"

"काही नाही. म्हणजे, थोडंसं."

मग ते थोडंसं बाहेर आलं. डिस्क दर वेळी हाताने उघडावी लागायची, त्याचा त्यांना कंटाळा होता. काल दुपारी त्यांनी इंटरनेटवर एक पान वाचलं. मशीन सुरू होताना कोणकोणत्या डिस्क जोडायच्या याची एक फाइल असते, तिच्यात आपल्या डिस्कचा नंबर लिहिला की ती आपोआप उघडते. त्यांनी तो लिहिला होता. त्यानंतर मशीन आजच पहिल्यांदा सुरू होत होतं.

"नंबर उतरवून घेतलात की कॉपी केलात?"

"टाइप केला. बघून बघून. हाताने केलं की डोक्यात राहतं."

सुलभाताईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. कुठल्या जातीची चूक असणार हे त्यांना आता ठाऊक होतं. ती शोधण्यातच त्यांचा जन्म गेला होता. अडचण एवढीच होती की ज्या मशीनमध्ये ती फाइल होती, ते मशीन आत येऊ देत नव्हतं.

त्यावर उपाय दामोदररावांना आठवला. क्षितिजने लिनक्स घातलं तो पेनड्राइव्ह. त्यावरून मशीन तात्पुरतं सुरू करता येतं, असं तो जाताना सांगून गेला होता. शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली तो सापडला. सुरू होताना एफ-बारा दाबायचं, हेही आठवलं. पण ते नेमकं कधी दाबायचं? दामोदररावांची वेळ दोनदा चुकली. तिसऱ्यांदा सुलभाताईंनी बटण दाबल्या क्षणापासून लसूण ठेचावा तसा एफ-बारा ठोकत ठेवला आणि निळ्या पडद्यावर यादी आली, तीत पेनड्राइव्हचंही नाव होतं आणि काळ्या डिस्कचंही. दामोदररावांनी घाईघाईत ओळखीचं नाव निवडलं.

पडदा काळा. एकच ओळ आली, की यावर सुरू करण्याजोगी सिस्टिम नाही.

"गेलं," दामोदरराव म्हणाले. "काहीच नाही म्हणतंय त्यावर."

"सिस्टिम नाही म्हणतंय. होती का त्यावर सिस्टिम?"

"छे, नुसते फोटो."

"मग खरंच बोलतंय की ते बिचारं."

दामोदरराव हसायलाच लागले. सकाळपासूनचं सगळं दडपण त्या हसण्यात निघून गेलं. पुन्हा बंद, पुन्हा चालू, पुन्हा ठोकाठोक आणि या वेळी पेनड्राइव्ह. थोड्या वेळाने एक स्वच्छ, अनोळखी पडदा उघडला. कोपऱ्यात काळ्या डिस्कचं चित्र होतं. दामोदररावांनी ते उघडलं. पहिलाच फोटो शेकाट्याचा होता, लांब लाल पाय, पाण्यात तेच पाय उलटे. सगळे पक्षी जागच्या जागी होते.

"बघ," ते म्हणाले. "हा बघ, हा पेलिकन, हा मी होळीनंतर..."

"अहो, पेलिकन नंतर. आधी ती फाइल."

फाइल कुठे असते ते दामोदररावांना माहीत होतं. ती उघडली. दुसऱ्या खिडकीत त्यांनी डिस्कचा खरा नंबर आणला. आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिसळलेली, मध्येमध्ये आडव्या रेघा, ओळीच्या अर्ध्यापर्यंत जाईल एवढा लांब.

"तुम्ही खरा वाचा," सुलभाताई म्हणाल्या. "मी फाइलमधला बघते."

दामोदरराव टेलिफोन नंबर सांगावा तसे भरभर वाचायला लागले.

"हळू. एकेक अक्षर, रेघेसकट. आणि मी 'हं' म्हटल्याशिवाय पुढे जाऊ नका."

तीस वर्षं एका टेबलाशी बसून दोघी बायकांनी जे केलं होतं, ते आज नवरा-बायको करत होते. चार, हं. एफ, हं. सात, हं. रेघ, हं. सुलभाताईंचं बोट पडद्यावरून गोगलगायीसारखं सरकत होतं. तिसऱ्या रेघेच्या पुढे दामोदरराव म्हणाले, "सहा." हं आलं नाही.

"सहा?"

"सहा."

"इथे बी आहे."

बारीक ठशात 6 आणि b ही दोन्ही जुळी भावंडं दिसत होती. काल दामोदररावांनी नवा चष्मा लावूनही सहाचा बी केला होता आणि बिचारं मशीन जगात नसलेल्या एका डिस्कची वाट बघत बसलं होतं. सुलभाताईंनी बी खोडला आणि सहा लिहिला. मग उरलेला नंबरही शेवटपर्यंत जुळवला, कारण एक चूक सापडली की माणूस ढिला पडतो आणि दुसरी निसटते.

"आता ठेवू या सुरू करून," दामोदरराव घड्याळाकडे बघत म्हणाले.

"थांबा. काल वाचलंत ते पान दाखवा मला."

फोनवर ते पान त्यांनी उघडून दिलं. सुलभाताईंनी ते वाचून काढलं, खालपर्यंत. नंबर कसा लिहायचा हे सांगून झाल्यावर शेवटी एक परिच्छेद होता. बाहेरची डिस्क नेहमी लावलेली असेलच असं नाही, तेव्हा ओळीत 'नोफेल' हा शब्द घालावा, म्हणजे ती नसली तरी मशीन अडून न बसता पुढे जाईल.

"हे वाचलंत?"

"तिथपर्यंत नाही गेलो."

"तरीच." त्यांनी तो शब्द एकेक अक्षर बघून योग्य जागी घातला, दामोदररावांनी फाइल जतन केली. "एक पाहुणा आला नाही म्हणून अख्ख्या घराने उपाशी बसायचं, ही कुठली रीत? नसला तर नसला, पंगत बसू दे."

पेनड्राइव्ह काढून मशीन सुरू केलं. ओळी आल्या, गेल्या, आणि नेहमीचा निळा पडदा उघडला. मग सुलभाताई म्हणाल्या, "बंद करा आणि डिस्क न लावता एकदा चालू करा. तेही बघून टाकू." तेही झालं.

मंजुनाथने डबा खाली नेला. हॉल भरला होता. पहिल्या रांगेत शाळेची पोरं, मागे सगळे आजी-आजोबा. पडद्यावर हातभर लांब चोचीचा पेलिकन मासा गिळताना आला तेव्हा पोरांनी एकच गलका केला. दामोदररावांनी मराठी, कन्नड आणि इंग्रजीची खिचडी करून प्रत्येक पक्ष्याचं नाव सांगितलं. शेवटी टाळ्या पडल्यावर ते म्हणाले, "आज हे सगळं दिसलं ते हिच्यामुळे. मी एक अक्षर चुकलो होतो आणि हिने ते धरलं." सुलभाताई साडीचा काठ सारखा करत बसल्या, पण घरी येईपर्यंत त्यांचे पाय जमिनीवर नव्हते.

त्या दिवसापासून खुर्ची वाटून घ्यावी लागली. दुपारी दामोदरराव झोपले की सुलभाताई संगणक उघडायच्या. एकदा क्षितिज आला असताना त्याने सहज पडद्याची भाषा मराठी करून दाखवली. सुलभाताई मेनू वाचायला लागल्या, अर्थातच पहिल्यापासून, आणि चौथ्या ओळीवर थांबल्या.

"क्षितिज, हे 'पुर्नप्रारंभ' असं कोणी लिहिलंय? 'पुनःप्रारंभ' पाहिजे."

"आई, हे भाषांतर लोकच करतात, हौसेने. चूक असेल तर तूही कळवू शकतेस."

"मी? कोणाला?"

क्षितिजने त्यांचं खातं उघडून दिलं. सुलभाताईंनी पहिली दुरुस्ती पाठवली, कारणासहित, शेवटी 'कळावे' घालून. दोन दिवसांनी नाशिकच्या पुष्कर नावाच्या एका स्वयंसेवकाचं उत्तर आलं, 'मान्य. ताई, आणखी आहेत का?'

आणखी पुष्कळ होत्या. उभा जन्म सुलभाताईंनी दुसऱ्यांचं इंग्रजी दुरुस्त केलं होतं. मराठी ही घरात बोलायची, सणावारी महाराष्ट्र मंडळात ऐकायची भाषा. तिच्यासाठी कोणी आपलं बोट मागेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. आता त्या रोज दुपारी एक पानभर शब्द तपासायच्या. 'जतन करा' बरं की 'साठवा', यावर पुष्करशी लांबलचक वाद घालायच्या, बहुतेक वेळा जिंकायच्या, आणि हरल्या तर संध्याकाळी दामोदररावांना आपलीच बाजू का बरोबर होती ते ऐकवायच्या. दामोदरराव ऐकून घ्यायचे.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात लिनक्सची नवी आवृत्ती आली. दामोदररावांनी ती रीतसर, सगळ्या सूचना शेवटपर्यंत वाचून, बसवली आणि सुलभाताईंना हाक मारली. त्या हात पुसत आल्या. मेनू उघडला होता. चौथ्या ओळीत 'पुनःप्रारंभ' असं लिहिलं होतं, विसर्गाची दोन्ही टिंबं ठळक. कुठे नाशकात, कुठे लातुरात, कोणीही हे मशीन सुरू केलं तरी आता हेच दिसणार होतं.

सुलभाताईंनी ती ओळ एकदा वाचली, मग चष्मा वर करून जवळून पुन्हा वाचली.

"बरोबर आहे ना?" दामोदररावांनी विचारलं.

"हे बरोबर आहे," सुलभाताई खुर्ची पुढे ओढत म्हणाल्या. "सरका जरा. खालची ओळ बघते."