खंडेनवमीचं खोबरेल

एकनाथ भावजींना पन्नास पूर्ण झाली, म्हणून मंडळाच्या अंकासाठी प्रत्येकानं त्यांच्यावर चार ओळी लिहायच्या आहेत. शिकागोजवळच्या शॉमबर्गमधली सगळी मराठी मंडळी त्यांना देवमाणूस म्हणतात. कुणाच्या आईवडिलांना विमानतळावरून आणायचं असो, भावजी हजर. मीही देवमाणूसच म्हणत होते, सन पंच्याऐंशीच्या संक्रांतीपर्यंत. तर या माझ्या चार ओळी.

त्याच्या आदल्या सप्टेंबरात त्यांनी आमचा जुना स्नोब्लोअर, दारातला बर्फ लांब उडवून टाकायचं यंत्र, विकत घेतला. माझा नवरा विक्रम म्हणाला, "एकदा चालू करून बघ." भावजी दुखावलेच. "आपल्या माणसाकडून घ्यायचं आणि वर तपासायचं?" न बघताच घेऊन गेले.

डिसेंबरात पहिला मोठा बर्फ पडला. इंजिन नुसतं धडधडे आणि बर्फ लांब उडायचा सोडून भावजींच्याच बुटांवर पडे. भावजी विमा कंपनीत आकडेमोड करणारे, यंत्रातलं त्यांना ओ की ठो कळत नाही. त्यांनी प्लग बदलला, बर्फ बाहेर टाकणाऱ्या नळकांड्याला आतून मेण चोपडलं. काही फरक नाही. विक्रमला विचारायचं होतं की! दर शनिवारी नाटकाच्या तालमीला दोघं भेटत होते. पण विक्रमनं आपल्याला फसवलं, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि मनात धरून बसले.

नागपूर सुटलं तेव्हा विक्रमचं नाटक सुटलं होतं. दहा वर्षांनी त्याला मुख्य भूमिका मिळाली होती. दाढी करताना, भांडी घासताना, गाडीत, सगळीकडे तो संवाद म्हणायचा. त्याला इतकं खुशीत मी लग्नानंतर पाहिलं नव्हतं. प्रॉम्प्टिंगला होते भावजी.

संक्रांतीला हायस्कूलच्या सभागृहात प्रयोग झाला. दुसऱ्या अंकात विक्रम एका वाक्याला अडला. मी कडेच्या खुर्चीत होते, मला विंग दिसत होती. भावजींच्या मांडीवर वही उघडी होती, बोट ओळीवर होतं. विक्रमनं दोनदा तिकडे पाहिलं. भावजींनी ओठ घट्ट मिटले. मुलं हसायला लागली, मग मोठीही. शेवटी पडदा पाडावा लागला.

मी आत धावले तेव्हा भावजी विक्रमला सांगत होते, "तुझं मशीन बर्फ फेकत नाही, माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. फिटंफाट."

दुसऱ्या दिवशी सकाळी विक्रम हत्यारांची पेटी घेऊन त्यांच्या गराजमध्ये गेला. मीही गेले, भांडायलाच. विक्रमनं इंजिनाजवळचं झाकण काढलं. आतला रबरी पट्टा तेलानं माखलेला होता, त्यावर थंडीनं गोठलेला पांढरा थर आणि थरात हळदकुंकू.

"एकनाथ, हे काय?"

"खंडेनवमीची पूजा केली ना. आधी पुसून खोबरेल घातलं, फिरतो त्या प्रत्येक भागाला. आमच्याकडे सगळ्या हत्यारांना घालतात."

"पट्ट्याला नाही घालायचं, यार! तो घसरतो, मग आतला पंखा जोरात फिरत नाही."

विक्रमनं दुकानातून नवा पट्टा आणून बसवला. बर्फ थेट मेलबॉक्सच्या पलीकडे जाऊन पडला. भावजी पांढरेफटक पडले. "सॉरी, विक्रम," म्हणाले. विक्रम म्हणाला, "चालतं रे." मी तसं म्हटलं नाही.

तेव्हापासून विक्रम स्टेजवर चढलेला नाही. भावजी दर वर्षी एखादी भूमिका घेऊन विनवायला येतात, तो गुडघा दुखतो म्हणतो. आता तो गप्प राहून दाढी करतो. ती शांतता मी ऐकते आणि माझं रक्त खवळतं.

म्हणून दर खंडेनवमीला मी त्यांच्या घरी फोन करते. कांचन, त्यांची बायको, निमूटपणे त्यांना बोलावते. मी विचारते, "भावजी, तेल घातलंत?"

पलीकडे त्यांचा श्वास ऐकू येतो. काय बोलावं ते त्यांना सुचत नाही. मीही शब्द सांगत नाही.