काचेतली गया

तुमच्या मासिकात लोक हडळी-मुंज्याचं लिहितात. मी असलं मानीत न्हाई. चाळीस वर्षं वालूरच्या शिवारात राखणीला एकटा झोपलो, रानडुकराबिगर काही दिसलं न्हाई. तिसरी शिकलोय, चुकलं तर दुरुस्त करून घ्या.

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच्या आदल्या सालची गोष्ट. बायकोच्या – गयाच्या – डोक्यातली गाठ काढायला हैदराबादला नेलं. दोन महिने बरी होती, मग गेली. तेरवीला लुगडी वाटून टाकली, अन् पंचाईत झाली. आमची म्हैस गयाशिवाय कुणाला धार देत नव्हती. गया दवाखान्यात होती तवा सून तिचं लुगडं नेसून बसायची. आता लुगडं न्हाई... तरी म्हैस सुनेच्या साडीवर पान्हवायली. रिकाम्या दाराकडं मान वळवायची, कान टवकारायची अन् धार सोडायची.

"मामा, आत्याबाई हितंच हायत," सून म्हणली.

"म्हशीला अक्कल आली, एवढंच," मी म्हणलो.

महिन्यानं हैदराबादच्या डॉक्टरीणबाईचं पत्र आलं. ऑपरेशनात गाठीसंगं निघालेला मेंदूचा तुकडा त्यांनी काचेच्या बशीत, उबदार पेटीत जगवलाय; संशोधनाला ठेवायचा, सही द्या. आमी इकडं जाळून मोकळे, अन् हे तिकडं जित्तं!

गेलो. बाई मराठीच निघाली. भिंगातून दाखवलं – कोळ्याच्या जाळ्यावानी.

"तिला कळतंय का?"

"एवढ्याशा तुकड्याला काय कळणार, बाबा?"

"नक्की?"

बाईनं परत भिंगातून बघितलं. "कळत नसावं."

"ती शुद्धीवर व्हती, बोलत व्हती. तिला इचारलं का? मी काय तिच्या डोक्याचा मालक हाय?"

"चुकलं आमचं. पण यानं दुसरे पेशंट वाचतील. पेटीबाहेर काढला तर तो मरेल, बाबा."

गयानं कधी कुणाला ताक न्हाई म्हणलं न्हाई. पण तिला कोंडलेलं बी चालत नव्हतं.

"काढा," म्हणलो. भिंतीवरच्या घड्याळात सहाला दहा कमी होते. मंगळवार.

येताना गंगाखेडला उतरून तो तुकडा गोदावरीत सोडला. घरी सून दारातच उभी.

"मामा, मंगळवारी सांजच्याला म्हशीनं अर्ध्या धारंत दूध वर चढवलं. दाराकडं बघून रेकली. तवापासून थेंब न्हाई."

"किती वाजता?"

"सहाची एसटी यायची व्हती."

योगायोग म्हणा. कारण मला अजून सापडलं न्हाई. दवाखान्यानं गयाला इचारलं न्हाई म्हणून मी तिथं भांडलो... बशी काढायला लावली तवा मी बी तिला इचारलं न्हाई.