आमच्या घराची सावड

मिरजोळ्याच्या ज्या कारखान्यात मी कारकून आहे, तिथे यंदा भिंतीवर लावायला एक फलक करायचा ठरला. विषय होता एकत्र काम करण्याचा. ऑफिसात मराठी घेऊन बी.ए. झालेला मी एकटाच, म्हणून शब्द काढायचं काम माझ्याकडे आलं. मी सहकार्य, समन्वय, एकजूट, संघभावना असे शब्द लिहून दिले. साहेबांना आवडले. जो शब्द सगळ्यात आधी सुचला होता, तो मात्र मला लिहवला नाही. सावड.

आमच्या वाडीत भातकापणी सावडीने होते. आज सगळे एकाच्या खाचरात, उद्या दुसऱ्याच्या. प्रत्येक घरातून एक माणूस. मजुरी नाही, ज्याचं भात आधी पिकलं त्याचं आधी कापायचं. वडील लवकर गेले, त्यामुळे आमच्या घरातून आई जायची. मी कॉलेजात असताना एका वर्षी ऐन कापणीत तिला ताप आला आणि त्याच आठवड्यात माझी परीक्षा. मी पेपर सोडायला निघालो होतो. शेजारची काकी म्हणाली, "तू पेपर लिव. तुमच्या घराचं मी कापतंय." स्वतःच्या घरातून तिने सुनेला पाठवलं आणि चार दिवस ती स्वतः आमच्या जागी वाकली. वाडीतला पहिला पदवीधर मी झालो तो असा.

दोन वर्षांपूर्वी आईचे गुडघे गेले. आता जायचं मी. पण नोकरी नवी होती, रजा मागायला धीर होईना. म्हणून कलमांच्या बागेत राखणीला असलेले दोन नेपाळी गडी ठरवले आणि त्यांना काकीच्या शेतावर धाडलं. एकाच्या जागी दोन. मला वाटलं, मी चांगलंच केलं.

संध्याकाळी विचारायला गेलो. काकी म्हणाली, पोरं चांगली होती, हात भराभर चालतात त्यांचे. मग थोडं थांबून म्हणाली, "जेवायला बसलो तवा त्यांच्याशी काय बोलायचं ता कुणालाच कळंना." तिचा दीर ओटीवरून हसला. "सायबान बदली मानूस दिलान."

त्या वर्षी आमचं भात वाडीने कापून दिलं, एक लोंबी राहू दिली नाही. पुढच्या वर्षी मात्र पाळी सांगायला कुणी आलं नाही. मी विचारत फिरलो. कुणी रागाने बोललं नाही. तुला कशाला त्रास, तुला गडी मिळतात, असं सगळे मायेने म्हणाले. रागावले असते तर माफी तरी मागता आली असती.

आमचं खाचर त्याच दोघांनी कापलं. पलीकडच्या खाचरात वाडीची माणसं होती. आई पडवीत बसून तिकडची हसणी ऐकत होती आणि कोणकोण आलंय ते आवाजावरून मला सांगत होती. मी हो म्हणत राहिलो.

यंदा आठ दिवसांची रजा टाकली आणि न बोलावता काकीच्या खाचरात उतरलो. काकी थोडी सरकली आणि शेजारी जागा झाली. दुपारपर्यंत तळहाताला फोड आले. माझा भारा बघून तिचा दीर म्हणाला, "ह्याचा भारा खळ्यात पोचंस्तो निम्मा वाटंत." सगळे हसले. दोन वर्षांत वाडीत माझी कुणी थट्टा केली नव्हती. मला बरं वाटलं.

दिवस कलल्यावर बांधावर बसून पुढच्या पाळ्या ठरल्या. एक घर झालं, दुसरं झालं, मग तिसरं. आमचं भात पिकून उभं होतं, सगळ्यांना दिसत होतं. आमचं नाव आलं नाही. काकीने माझ्याकडे पाहिलं आणि मग ती पायाचा चिखल काढू लागली. मी विचारलं नाही. एका दिवसाने हे भरून यायचं नव्हतं.

घरी आल्यावर आईने विचारलं, आपली पाळी कधी. अजून ठरलं नाही, मी म्हणालो.

"उद्या कुणाकडं हाय?"

मी सांगितलं.

"मग विळा हिकडं दे," ती म्हणाली. "धार लावून ठेवतंय."