ब्रॅकनेलचा ओढा आणि आमची जांभळी

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेल स्टेशनवर उतरल्याबरोबर माझ्या लेकीने, मृण्मयीने, मला काय दाखवावं? काचेची ऑफिसं! म्हटलं, छान आहेत गं, पण इथे पाणी कुठे वाहतं? जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेल्या बाईला दुसरं काय सुचणार!

पाणी घरामागेच होतं. पाइनच्या झाडीतून आलेला, एका उडीत ओलांडता येईल एवढासा ओढा. पुढे पुढे जात शेवटी टेम्सला मिळतो. काठाला ब्लॅकबेरीची जाळी, तळाशी तांबूस रेती. बघून जीव सुखावला आणि लगेच दुखलाही. आमच्या गावची जांभळी नदी अशीच होती. गावासकट धरणाखाली गेली. माझे वडील, अण्णा, चाळीस वर्षं नव्या वसाहतीत राहतात, पण दर फोनवर एकच विचारतात, "धरण उतरलं का गं? जांभळी एकदा बघायचीय." आता त्यांना चालवतही नाही. मी आपली "बघू" म्हणते.

दुसऱ्या दिवशी सवयीने देवाचं निर्माल्य नेलं आणि दिलं ओढ्यात सोडून. "नो, नो!" वेलीज (गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट) घातलेली एक बाई धावत पाण्यात उतरली आणि जाळीने माझी फुलं गोळा करायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई! कंपोस्ट बिन आहे ना आपल्याकडे!" मृण्मयी करवादली.

बाई मात्र हसली. तिचं नाव लोरेटा. अमेरिकेतल्या ओक्लाहोमाची, तिथल्या मूळ रहिवाशांपैकी चोक्तॉ जमातीची, लग्न होऊन इथे आलेली. दर रविवारी हौसेने ओढा साफ करते. मी तिला घरी नेऊन थालीपीठ वाढलं. तिने लोण्याबरोबर दोन संपवली.

"आमचे लोक मूळचे मिसिसिपीचे," ती सांगू लागली. "सरकारने हुसकावलं, थंडीत ओक्लाहोमापर्यंत पायपीट करायला लावली. वाटेत कितीतरी मेले. माझ्या गावामागे असाच एक ओढा आहे, आमच्या भाषेत बोक. तिकडे मागे राहिलेल्या ओढ्याचंच नाव आमच्या म्हाताऱ्यांनी त्याला दिलं."

"पण तो खरा नव्हे ना?"

"मी त्यात पोहायला शिकले," ती म्हणाली. "माझा तोच."

मी खिडकीतून ओढ्याकडे बघत राहिले. चहा गार झाला.

भारतात परतल्यावर तडक वसाहतीत गेले. अण्णांना चाकाच्या खुर्चीतून मागच्या नाल्यावर नेलं. इतक्या वर्षांत त्याला कुणी नाव दिलं नव्हतं.

"अण्णा, आजपासून ही जांभळी."

"काहीतरीच! मास्तरीण झालीस म्हणून नकाशे बदलणार?"

लोरेटाची गोष्ट सांगितली. अण्णांनी सगळी ऐकली, आणि म्हणाले, "घरी ने." उगाच त्यांची जखम उकरली, असं वाटून रडू आलं मला.

आठवड्याने पुण्याहून त्यांच्या मोबाइलवर फोन केला. आज त्यांनी धरणाचं नावही काढलं नाही. पलीकडे म्हशींच्या घंटा वाजत होत्या.

"अण्णा, कुठे आहात?"

"कुठे म्हणजे? जांभळीवर! ठेव आता फोन."